विद्यापीठाच्या दाराशी आलेली मुले व त्यांचे पाठीराखे

स्मरणिकेच्या चालकांनी आम्हांस लेख मागितला तेव्हा देवळाचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत शाळेची इमारत उभी राहिली, हे सर्व विषय आमच्याहून जाणत्या लेखकांनी आधीच वाटून घेतले होते. आमच्या वाट्यास उरले ते एक लहानसे काम. महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींस विद्यापीठाचे अर्ज भरण्यास, दाखले जमविण्यास व शिष्यवृत्ती मागण्यास दर उन्हाळ्यात देवळामागील खोलीत जे साह्य केले जाते, त्याविषयी चार शब्द लिहावे, अशी सूचना झाली. एक टेबल, दोन बाके व तीन-चार पदवीधर तरुण एवढाच ज्याचा सरंजाम, त्याचा इतिहास तो काय असणार, असे प्रथम आम्हांसही वाटले. परंतु या कामाची वंशावळ शोधू लागलो तो ती थेट मुंबईच्या युनिव्हर्सिटीच्या जन्मापर्यंत जाऊन भिडली. तेव्हा वाचकांची अनुज्ञा गृहीत धरून आमच्या खोलीचा वृत्तांत आम्ही शेवटास ठेवितो व आधी मागील काळाकडे वळतो.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षाची. तिन्ही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेली. म्हणजे शिकविण्याचे काम कॉलेजांनी करावयाचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची व पदवी द्यावयाची. आत जाण्याचे दार एकच, ते मॅट्रिक्युलेशनचे, आणि ते १८५९ साली प्रथम उघडले. १८६२ साली जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे उरलेले दोघे. विद्यापीठ सर्व वर्गांच्या व सर्व पंथांच्या प्रजाजनांसाठी आहे असे कायद्यातच म्हटले होते. कागदावर पाहू जाता दार उघडे होते यात संशय नाही.

परंतु दारापर्यंत पोहोचावयाचे कसे? कॉलेजे मुंबईस व पुण्यास. रत्नागिरीकडील मुलाने परीक्षा उत्तीर्ण केली तरी शहरात राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे, आणि सहामाहीची फी द्यावयाची कोठून, या प्रश्नांस विद्यापीठाच्या नियमांत उत्तर नव्हते. उत्तर समाजाने आपल्या परीने काढले होते, व ते फार जुने होते. आमच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो: पुण्यासारख्या गावी गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे त्याने ठरवून घ्यावयाची. ज्यास सात घरे मिळत नसत तो माधुकरी मागे, किंवा उरलेल्या वारी उपाशी राही. या रीतीत अपमानाचे प्रसंग पुष्कळ असत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ती ही की ही एक न लिहिलेली शिष्यवृत्तीच होती. मात्र ती ब्राह्मण घरांनी ब्राह्मण मुलांस दिलेली शिष्यवृत्ती होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलास वार लावावयास घर नव्हते. ख्रिस्ती मुलासही नव्हते. पेशव्यांच्या वेळेपासून चालत आलेल्या दक्षिणेच्या निधीचेही असेच. इंग्रज सरकारने त्यातून १८२१ साली पुण्यास पाठशाळा काढली, पुढे त्याच पैशातून कॉलेजात ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले, आणि रानडे स्वतः असे फेलो होते. निधी चांगल्या कामी लागला यात वाद नाही. पण तो जेथे विद्या आधीच होती तेथेच बहुतेक पोहोचला.

ज्यांस वार मिळू शकत होता त्यांचेही हाल काही थोडे नव्हते. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात असता अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवावयाचा व सकाळी घालावयाचा, अशी गोष्ट सर्वश्रुत आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांची हकीकत आम्हांस त्याहून बोधक वाटते, कारण तीत साह्य करणारा माणूस समोर दिसतो. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली, आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावास शिकण्यासाठी धाडीत. घरखर्चास सात उरत. गोपाळराव १८८१ साली मॅट्रिक झाले. आता पुढे शिकावे की नोकरी करावी असा प्रश्न पडला तेव्हा वहिनींनी आपले दागिने विकून कॉलेजची सोय केली. एकदा एका मित्राने त्यांस नाटकास नेले. गोपाळराव समजले की तो आपल्या खर्चाने नेत आहे, परंतु मागाहून त्याने तिकिटाचे पैसे मागितले. ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवावे म्हणून ते काही दिवस रस्त्यावरील दिव्याखाली वाचीत बसले, असे चरित्रकार सांगतात. १८८४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. पदवीच्या कागदावर नाव एकट्या गोपाळरावांचे असते. गोविंदरावांचे व त्या माउलीचे नाव कोठेही नसते.

पैसा जमला तरी अडचण संपत नसे. धोंडो केशव कर्वे यांची एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ती विद्यापीठाच्या परीक्षेची नव्हे, मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेची आहे. तथापि मर्म तेच. १८७५ साली मुरूडहून निघून हा मुलगा सोबत्यांसह भर पावसात डोंगर ओलांडीत शंभराहून अधिक मैल पायी चालत सातारा येथे गेला. परीक्षेस वयाची अट सतरा वर्षांची. समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले, तो सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हटले, आणि त्यास परत पाठविले. प्रश्नपत्रिका त्याच्या हातीच आली नाही. त्या वेळी टेबलापाशी उभा राहून ‘या मुलास आम्ही ओळखतो’ असे म्हणणारा कोणी वडीलधारा मनुष्य असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. कर्वे खचले नाहीत. १८८४ साली तेही एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाले, आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले. पण किती मुले त्या घाटातून परत घरी गेली व पुन्हा आली नाहीत, याची गणना कोणी ठेविली नाही.

या सर्व व्यवस्थेवर नेमके बोट ठेविले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर साहेबांचे कमिशन बसले, त्यापुढे त्यांनी आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाविषयी त्यांनी जे सांगितले ते बहुतेकांस माहीत असते. शिष्यवृत्तीविषयी जे सांगितले तिकडे थोड्यांचेच लक्ष जाते. त्यांचे म्हणणे असे की, शिष्यवृत्त्यांची चालू पद्धत ज्या वर्गांस विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच उत्तेजन देते, आणि केवळ चढाओढीने त्या वाटणे हे वरवर न्याय्य दिसले तरी त्याने विद्या इतर वर्गांत पसरत नाही; म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण मुळीच पोहोचले नाही त्यांच्यासाठी राखाव्या. त्याच निवेदनात, खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांस प्रवेशपरीक्षेस बसण्याची परवानगी मुंबई विद्यापीठाने दिली याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले, आणि वरच्या परीक्षांसही तीच सवलत द्यावी अशी आशा प्रकट केली. ज्यांनी कॉलेजचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता त्या गृहस्थांनी विद्यापीठाच्या प्रवेशाचा नियम इतक्या बारकाईने वाचावा, याचे आम्हांस कौतुक वाटते.

स्त्रियांस तर कागदावरही दार बंद होते. मुंबई विद्यापीठाने ते १८८३ साली उघडले. त्यातून प्रथम पदवी घेऊन बाहेर पडल्या त्या नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. त्या ख्रिस्ती, परंतु पंथाने प्रॉटेस्टंट, वडील मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जे यश मिळविले त्याच्या बळावर विलायतेस जाण्याच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोहोचत होता. पण ही शिष्यवृत्ती स्त्रीस देता येत नाही असे उत्तर मिळाले. तेव्हा इंग्लंडातील काही स्त्रियांनी पुढाकार घेतला. मेरी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात आवाहन प्रसिद्ध केले, वर्गणी गोळा झाली, वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते, आणि १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्ड येथील सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती यावयास १९२२ साल उजाडले, कारण स्त्रियांस पदवी देण्याचे ऑक्सफर्डने १९२० पर्यंत मान्य केलेच नव्हते. एका पत्राने एक मुलगी समुद्रापलीकडे गेली, हे खरे; पण विद्यापीठाचा नियम त्या पत्राने हलला नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या बाजूचे दोन शब्द येथेच सांगून टाकतो. जर्मन जेझुइट फादरांनी मुंबईस सेंट झेवियर कॉलेज काढले ते १८६९ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी सुटली होती. या दोन घटनांचा संबंध कोणी जोडीत नाही, पण उत्तर कोकणातील आमच्या गावांपुरता तो मोठा आहे असे आमचे मत आहे. जे मूल पहाटे घरची भाकरी खाऊन निघते व रात्री घरच्या पेजेस परत येते, त्यास वार लावावा लागत नाही. रेल्वेचा पास हेच त्याचे वसतिगृह. आजही आमच्या टेबलापाशी येणारी निम्मी मुले कॉलेजची निवड फीवरून करीत नाहीत, गाडीच्या वेळेवरून करितात.

ज्यांच्या गावास गाडी नव्हती त्यांच्यासाठी कोल्हापुरास निराळा उपाय निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, आणि मग एकामागून एक जैन, मुसलमान, लिंगायत, अशी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले, व पुढे हिंदी ख्रिस्ती मुलांसाठीही एक झाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या असा आक्षेप काही लोक घेतात. आक्षेप घेणाऱ्यांनी त्या काळी एका पंगतीस कोण बसत होते हे पाहावे. ज्यांस वार लावावयास घर नव्हते त्यांस महाराजांनी घर दिले, इतकेच आम्ही म्हणतो. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकच बोर्डिंग केले. तेथे धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडून मुलांस जेवू घातले.

परंतु या संबंध इतिहासात आम्हांस सर्वांत अधिक शिकवून गेलेली हकीकत भीमराव आंबेडकरांची आहे, आणि तिच्यापाशी आम्ही थोडे थांबणार आहो. मोठेपणीचे डॉक्टर आंबेडकर सर्वांस ठाऊक आहेत. आम्ही बोलतो ते परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या मुलाविषयी. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. मुलास पुस्तक हवे झाले की वडील लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत, आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून परत देत. त्या खोलीत निजावयासही जागा अपुरी. म्हणून मुलाने लवकर निजावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागावे, मग त्यास उठवून अभ्यासास बसवावे व आपण आडवे व्हावे.

हा मुलगा संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे फिरावयास येणारे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यास पाहिले, चौकशी केली व ओळख ठेविली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा अभिनंदनाची सभा भरली. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. बहुतेक ठिकाणी गोष्ट येथेच संपते. हार घातला जातो, भाषणे होतात, छायाचित्र निघते, आणि मुलगा फीविना घरी बसतो. (या धर्मग्रामातही असे सत्कार आम्ही पुष्कळ केले आहेत.) केळुसकर मात्र थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना तेव्हा त्यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे मुलास नेऊन उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तके व कपडे दिले. १९१२ साली बी.ए. झाले.

येथे कोणी काय दिले हे नीट पाहिले पाहिजे. पैसा महाराजांचा होता. केळुसकरांनी स्वतःच्या खिशातून किती दिले हा प्रश्न गौण आहे. त्यांनी दिले ते आपले नाव. बडोद्याचा राजा विद्यार्थ्यांस साह्य करतो ही वार्ता परळच्या चाळीत पोहोचली असती तरी राजापर्यंत जावयाचे कसे हे त्या चाळीस ठाऊक नव्हते. ज्यास दोन्हीकडची वाट ठाऊक होती असा एक मास्तर मध्ये उभा राहिला.

साह्यास अटी असतात, हेही याच हकीकतीत दिसते. १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदे सरकारने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरविले, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी असा करार ४ जून १९१३ रोजी करून घेतला. १९१६ साली भीमराव लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धा झाला न झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली त्यांस परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती म्हणून दोर अगदी तुटला नाही. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठविली, शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा निघाले. राजाची शिष्यवृत्ती, दुसऱ्या राजाची देणगी, मित्राचे कर्ज, स्वतःचा पगार, बहिणीचा दागिना, हे सर्व एकत्र आले तेव्हा कोठे एका विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे झाले. ज्याची बुद्धी इतकी असामान्य त्याचीही ही कथा. मग मध्यम बुद्धीच्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न पुढे त्यांनी स्वतःच हाती घेतला. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असता १९४४ साली हिंदुस्थान सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले. फुल्यांनी १८८२ साली जे मागितले होते ते सरकारी रीतीने मिळू लागावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

आता आमच्या खोलीकडे येतो. आज पैशाच्या योजना पूर्वीच्या मानाने पुष्कळ आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ केली आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून देशभर एकच सामाईक प्रवेशपरीक्षा होते. परंतु राजापर्यंतची वाट आता संगणकाच्या पडद्यावरून जाते. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचा. त्यास उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधार जोडलेले बँकेचे खाते, हे सर्व लागते, आणि सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकच असावे लागते. आमच्या लोकांचे घोडे नेमके येथेच अडते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या, वडिलांच्या रेशन कार्डावर तिसऱ्या! पोर्तुगीज आडनाव मराठीत व मराठीतून पुन्हा इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाने आपली विद्या त्यात घातलेली असते. मागे एका मुलीस एका कार्यालयातून याच कारणाने तीनदा परत पाठविण्यात आले. तिसऱ्या खेपेस ती टेबलापाशी येऊन बसली व काहीच बोलली नाही. कर्व्यांचा चेहरा लहान दिसत होता. हिच्या आडनावात एक अक्षर अधिक होते. फादरांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा उतारा काढून दिला, आमच्यापैकी एकाने प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला, दुसरा तिच्या वडिलांसह रजा काढून तालुक्यास गेला, आणि मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज दाखल झाला. ती आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षास आहे.

खोलीत पैसा फार नाही. प्रवेश मिळून फी माफ झाली तरी पहिल्या महिन्याचा पास, गणवेश व पुस्तके यांस रोकड लागते, आणि सरकारी रक्कम खात्यात पडावयास कधी वर्ष उलटते. त्या मधल्या काळासाठी एक पेटी ठेविली आहे. तीतून उसने दिले जाते. परत कधी करावे हे लिहून घेत नाही, पण वहीत नाव असते. आजवर बहुतेकांनी परत केले. ज्यांनी केले नाही त्यांची नावे आम्ही येथे छापणार नाही, हे त्यांस कळावे म्हणून लिहितो.

यंदा मे महिन्याच्या पहिल्या रविवारापासून दुसऱ्या मिस्सेनंतर खोली उघडी राहील. येताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड व बँकेचे पासबुक मूळ घेऊन यावे, व प्रत्येकाच्या दोन प्रती बाहेरून काढून आणाव्या. आमच्याकडे त्याचे यंत्र नाही. सोबत आईस किंवा वडिलांस आणावे. त्यांस लिहिता येत नसले तरी चालेल.